जळकं ऑइल

सुटे भाग

नबीलला मुलगी झाली. नाव सादिया ठेवलं.

कोकणात मे संपत आला की गॅरेजांपुढे जीपा आणि ट्रॅक्स उभ्या राहतात. खाली एक माणूस उताणा पडलेला असतो, हातात ब्रश, उशाशी इंजिनातून काढलेल्या काळ्या ऑइलचा डबा.

हर्णैच्या एका ओटीवर एक माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. घड्याळ दिसतं. काटे दिसत नाहीत.

मस्कतला पाऊस पडला की शाळांना सुट्टी देतात.

शीलाने गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीला संध्याकाळी हात लावला. ऊन दिवसभर होतं, तरी चादर ओलसर. समुद्र डोंगराच्या पलीकडे आहे, पण हवेला डोंगर आडवा येत नाही.

"मिरग आला रं डोक्यावर. तेल मारलंस?"

"मारलं मियाँ."

"खालून?"

"खालूनच मारतात."

जोडणी

शेवटचं बोलणं फोनवरचं आहे आणि ते दर मे महिन्यात व्हायचं. विचारणारे हुसैनमियाँ, हर्णैचे. मस्कतच्या रुवी भागात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. उत्तर देणारा भिकाजी, वेंगुर्ल्याकडचा, एसीच्या डक्टचं पत्राकाम करणारा. पत्र्याचे स्क्रू घ्यायला तो दुकानात गेला आणि पुढे जातच राहिला.

हुसैनमियाँची साखर डोळ्यांत उतरली. दुकान बंद झालं. २०११ साली ते गावी गेले. मुलगा नबील अल खौदला फ्लॅटमध्ये राहायचा, तिथे सावली नव्हती. भिकाजीच्या वादी अदाईतल्या भाड्याच्या घराला कंपाऊंड होतं आणि कंपाऊंडला पत्र्याचं छप्पर. म्हणून मियाँची पांढरी लँडक्रूझर तिथे आली. कागद नबीलच्या नावावर, किल्ली भिकाजीकडे.

"परत येईन तेव्हा अशीच पायजे," मियाँ म्हणाले होते.

गाडी उभी ठेवून खराब होते, म्हणून भिकाजी तिला शुक्रवारी फिरवायचा. समुद्राकडे न्यायचा, परत आणून पाण्याने धुवायचा. आणि मियाँनी सांगितलं होतं तसं दर वर्षी खालून जळकं ऑइल लावायचा. इथे मिरग नाही, तरी मिरगाआधी लावायचा.

२०१८ च्या नोव्हेंबरात मियाँचा फोन आला. नातीला बघायला येतोय. डॉक्टर म्हणतो, जे काय बघायचं ते लवकर बघून घ्या.

"एअरपोर्टला माझी गाडी आण. नबीलच्या त्या साबणाच्या डबीत मी बसणार नाय. गुडघे कानाला लागतात."

"आणतो ना."

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे."

गाडीचं पासिंग डिसेंबरात होतं. गेल्या वर्षी तपासणीवाल्याने वाकून दाराखालचा पत्रा बोटाने दाबला होता आणि म्हणाला होता, पुढच्या वेळी हे करून आण. करून आणलं नाही तर गाडी रस्त्यावर येणार नाही. एअरपोर्टवर तर नाहीच.

भिकाजीने कंपनीतून ग्राइंडर, वेल्डिंगचं मशीन आणि काळ्या पत्र्याचे तुकडे आणले.

उजवी बाजू

शुक्रवारी सकाळी त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडाचे ठोकळे लावले आणि दाराखालच्या पट्टीला खरवडणी लावली. काळा थर निघाला. निघाला म्हणजे वीतभर लांब खापरीच निघाली. ती त्याने उजेडात धरली. एक काळी रेघ, एक वाळूची, पुन्हा काळी, पुन्हा वाळूची. मध्ये शिंपल्याचा एक चुरा.

त्या खापरीला गाडीचा पत्राही चिकटून आला होता.

भिकाजीची बायको शीला चहा घेऊन आली होती. तिने वाकून बघितलं.

"अहो, हे तर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं सुटतंय."

"सरक. डोळ्यात जाईल."

"सगळंच जाईल वाटतं आज."

पट्टीच्या पोटाला कारखान्यातूनच पाडलेली बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी तिथून गळून जावं म्हणून. भिकाजीला ती सापडेनात. हाताने चाचपून एका जागी त्याने तार खुपसली. तार आत गेली आणि तिच्यामागून तपकिरी पाणी आलं. कोपरापर्यंत आलं. त्याला विहिरीच्या तळाचा वास होता. गाडी धुऊन आठवडा झाला होता.

तो तसाच पडून राहिला. पाणी थांबलं तेव्हा म्हणाला, "तेलाने झालं हे."

"तेलाने? तेल तर गंजू नये म्हणून लावतात."

"गावी. गावी पाऊस जुनं तेल धुऊन नेतो. गॅरेजवाला नवं लावायच्या आधी पाण्याचा फवारा मारतो. इथे काय धुणार? वरच्यावर लावत गेलो. समुद्रावरची वाळू त्याला चिकटत गेली. भोकं बुजली. मी वरून धुवायचो ते पाणी आत राहायचं." त्याने तार पुसली. "मीठ घालून झाकून ठेवली मी तिला. लोणच्यासारखी."

"मग भाईंना सांगा ना तसं. त्यांनीच सांगितलेलं लावायला."

"म्हणूनच सांगायचं नाही."

"हे काय आता?"

भिकाजी गाडीखालून सरकत बाहेर आला. "दुकान गेलं, डोळे गेले. घरात कुणी विचारत नाही त्यांना. पोरं हो हो करतात आणि आपल्याला हवं तेच करतात. सांगितलेलं ऐकणारा मी एकटा उरलोय शीला. आता ऐकलं म्हणून सडली, असं सांगू?"

शीलाने त्याच्या केसांतून एक काळा पापुद्रा काढला आणि चहा गार झाला म्हणून परत नेला.

डावी बाजू

उजवीसारखीच. जास्तच.

आतली बाजू

गालिचा उचलला तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालून कंपाऊंडची फरशी दिसली.

नबील बघायला आला. तो इन्शुरन्समध्ये होता, त्यामुळे गाडीकडे बघायची त्याची एक पद्धत होती, दोन्ही हात पाठीमागे.

"काका, खलास आहे ही. स्क्रॅपला द्या."

"तुझे वडील काय म्हणतील?"

"अब्बा काय, त्यांना दिसतं कुठे? कोणतीपण पांढरी गाडी उभी करा." मग त्याने जमिनीवरच्या खापऱ्यांकडे बघितलं, एक उचलली, तिच्या रेघा बघितल्या आणि हसायला लागला. "हा अब्बांचा फॉर्म्युला ना? मला पण सांगायचे. मी हो म्हणायचो आणि काय नाय करायचो. बघा, माझी डबी कशी टकाटक आहे."

"नबील, हे त्यांच्यापुढे बोलायचं नाही."

"जोक केला, काका."

"जोकपण नाही. शपथ घे."

नबीलचं हसू थांबायला थोडा वेळ लागला. "ओके," तो म्हणाला. "नाही बोलणार. वल्ला."

खालची बाजू

पुढचे शुक्रवार आणि कामावरून आल्यानंतरचा उजेड त्याने गाडीखाली घालवला. काळं सगळं खरवडून काढलं, एक ठिपका ठेवला नाही, कारण तेलावर वेल्डिंग धरत नाही आणि रंगही धरत नाही. कुजका पत्रा कापला, नवा वाकवून बसवला. डक्टवाल्याचा हात होता, कड सरळ आली. जिथे पत्रा पोचला नाही तिथे पुट्टी भरली, घासली, राखाडी प्रायमर मारला, वर पांढरा रंग. शीला रस्त्यावर जाऊन लांबून बघून आली.

"नवी दिसते," ती म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. भिकाजीलाही वाटलं.

मग फक्त एकदा सगळीकडे हात फिरवावा म्हणून तो पुन्हा खाली गेला. मागच्या चाकापाशी, गाडीचा सगळा भार ज्या लोखंडी दांड्यावर बसतो तिथे, त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबला नाही. टेकवला.

तो मुठीपर्यंत आत गेला.

दांडा आतून पोकळ असतो. त्यालाही भोकं असतात. तीही बुजली होती.

यावर जाड पट्टी मारता आली असती. वरून रंग. तपासणीवाल्याने कदाचित बघितलं असतं, कदाचित नसतं. भिकाजीने पट्टी कापलीही. हातात धरून त्या जागेवर लावून बघितली. बरोबर बसत होती. मग त्याला वादी अदाईतून वर चढणारा रस्ता आठवला, वळणावरचे ट्रक, मागच्या सीटवर मियाँ, मियाँच्या मांडीवर सादिया.

पट्टी त्याने बाजूला ठेवली.

गाडी पासिंगला गेली नाही.

~~गाडी पासिंगला गेली, नापास झाली.~~ असं तो शीलाला सांगणार होता. सांगितलं नाही. तिने विचारलंच नाही.

बाहेरची बाजू

एअरपोर्टला नबील गेला. "काकांच्या गाडीची बॅटरी बसली," असं त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो अब्बांना घेऊन वादी अदाईत आला. मियाँ बारीक झाले होते. डोळ्यांना काळा चष्मा. भिकाजीला त्यांनी छातीशी धरलं, पाठीवर दोन थापा मारल्या.

"पोट सुटलं रं तुझं, भिक्या."

"तुमचं कुठं गेलं?"

"माझं तिकडं तुझ्या रईसाभाभीने काढून घेतलं. साखर नाय, भात नाय, मासा उकडलेला. कुठाय ती?"

गाडी समोरच होती. नबीलने हात धरून नेलं. मियाँनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग बोटाच्या पेराने ठोकत ते एका बाजूने निघाले. टण्. टण्. टण्. दाराशी वाकले. टण्. दाराखाली, थप्.

पुन्हा ठोकलं. थप्.

"पुट्टी," मियाँ म्हणाले.

ते मागपर्यंत गेले, वळले, दुसऱ्या बाजूने आले. टण् कमी आणि थप् जास्त. मग भिकाजीच्या खांद्याचा आधार घेऊन ते गुडघ्यावर बसले, हात गाडीखाली घातला, आत, जिथवर पोचेल तिथवर. हात बाहेर काढला. बोटं एकमेकांवर चोळली. बोटं कोरडी होती. चष्मा वर करून त्यांनी ती डोळ्यांपाशी नेली, मग नाकापाशी.

"तेल नाय हिला."

नबीलने भिकाजीकडे बघितलं.

"भिक्या. तेल कुठाय?"

खरवडून काढलं, एवढंच सांगायचं होतं. मग का काढलं ते सांगावं लागलं असतं.

"नाही मारलं, मियाँ."

"या वर्षी?"

"कधीच नाही."

"मी फोन करायचो."

"हो."

"तू मारलं म्हणायचास."

"म्हणायचो. कंटाळा यायचा. वाटायचं, इथे कुठे पाऊस आहे."

मियाँ खालीच बसून होते. "म्हणून सडली," ते म्हणाले.

"म्हणून सडली."

नबीलने तोंड उघडलं. भिकाजीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

शीला ट्रे घेऊन दारात उभी होती. चहा बिनसाखरेचा, मियाँसाठी वेगळ्या कपात. मियाँनी कपांच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. "वहिनी, तुमच्यासमोर हो म्हणायचा ना हा मला? तुम्ही तरी कान धरायचा ह्याचा."

शीलाने नवऱ्याकडे बघितलं. ट्रे खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "चुकलंच, भाई," ती म्हणाली.

"नबीलने असं केलं असतं तर मला काय वाटलं नसतं. तो करतोच." मियाँनी खिशातून रुमाल काढून कोरडी बोटं पुसली, एकेक करून. "मी म्हणायचो गावात. म्हणायचो, मस्कतला एक माणूस आहे, सांगावं आणि विसरावं. लोकांना कंटाळा येईल एवढं म्हणायचो."

ते उठले. भिकाजीने हात पुढे केला होता. मियाँनी गाडीचा दरवाजा धरला. तो नवा रंगवलेला, त्यावर बोटं उमटली.

"यल्ला, नबील. पोरगी जागी झाली असंल."

चहा तसाच राहिला. मियाँ त्या छोट्या गाडीत पुढे बसले, गुडघे पोटाशी घेऊन. नबील फाटकापाशी रेंगाळला.

"काका, मी सांगतो त्यांना घरी जाऊन."

"शपथ घेतलीयस."

"ते परत बोलणार नाहीत तुमच्याशी. मी ओळखतो त्यांना."

"मी तुझ्याआधीपासून ओळखतो."

"मग का?"

गाडीतून हॉर्न वाजला. मियाँनीच हात लांब करून दाबला असणार. भिकाजीने फाटक लोटून घेतलं आणि कडी लावली. आत येऊन त्याने ठोकळ्यांवर उरलेला काळा पत्रा गोळा केला, कंपनीत परत द्यायचा होता. शीलाने मियाँच्या कपातला चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला. दोघांपैकी कुणीच गाडीकडे बघितलं नाही.

१९९६ साली हुसैनमियाँनी गाडी घेतली त्या संध्याकाळी दोघं सीबच्या किनाऱ्यापर्यंत गेले होते. परत येताना मियाँनी गाडी भिकाजीला चालवायला दिली. भिकाजीकडे तेव्हा लायसन्स नव्हतं.