जड शेपूट

वॉरविक गावात रिमोटवर उडणारी छोटी विमानं बांधणाऱ्यांचा क्लब होता, आणि तिथं कुठल्या विमानाला कुठलं इंजिन, हे क्लेम प्रॅटनला विचारायची रीत होती. सगळ्यात चांगल्या विमानाचा वर्षाचा कप त्यालाच मिळायचा, हीही गेल्या अकरा वर्षांची रीतच. मग डेस होस्किंग आला. पोस्टातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, घरात दुसरं कुणी नाही. आल्या वर्षीच त्यानं पहिल्या महायुद्धातलं एक आखूड नाकाचं दुपंखी विमान बांधायला घेतलं. नऊ फुटी पंख, त्यावरच्या कापडाचा एकेक टाका हातानं घातलेला. ते पाहिलं आणि क्लेमच्या पोटात दुखायला लागलं. क्लेमचं स्वतःचं विमान त्याच्यापुढे जत्रेतलं खेळणं वाटत होतं, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"क्लेम, इंजिन कुठलं घेऊ रे?" डेसनं विचारलं. "ते जड फोर-स्ट्रोक, की हे नवं हलकं टू-स्ट्रोक?"

आखूड नाकाला जड इंजिन लागतं, नाहीतर मागचं वजन भारी पडतं, हे क्लेमनं झोपेतही सांगितलं असतं. जड नाकाचं विमान वाईट उडतं, जड शेपटाचं एकदाच उडतं, हे नवख्यांना ऐकवणाराही तोच.

"हलकं घे," क्लेम म्हणाला. "डोळे मिटून घे."

डेसनं घेतलं. तिकडचा हिवाळा जून ते ऑगस्ट; तेवढा सगळा क्लेम मूग गिळून बसला.

सप्टेंबरच्या मेळाव्यात डेसनं रिमोट त्याच्यापुढे धरला. "पहिलं उड्डाण तूच कर बाबा. माझे हात थरथरतात. आणि इंजिन तुझंच ना."

सगळा क्लब खुर्च्या टाकून बसलेला, नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे विमान पडणार ते क्लेमच्याच हातून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तोल बघितलास का?" त्यानं विचारलं.

"बघितला की. शेपूट धाडकन खाली. म्हटलं, क्लेमचं इंजिन चुकायचं नाही, आपलंच शेपूट जड झालंय. मोडलं आणि नव्यानं बांधलं. तीनदा. आता बघ."

क्लेमनं पंखांखाली बोटं धरून उचललं. विमान सरळ राहिलं.

गवतावरून ते असं अलगद उठलं की चहा ओतणारे ओतायचे थांबले. इतकं हलकं, इतकं शहाणं विमान क्लेमनं जन्मात उडवलं नव्हतं. त्यानं मुद्दाम वेग कमी केला, आणखी कमी केला, तरी ते पडेना. घटकाभर सुटल्यासारखं वाटलं, मग जळफळाट दुप्पट झाला. त्यानं खोटं सांगितलेलं इंजिन या माणसानं खरं करून दाखवलं होतं. कप गेला होता.

विमान उतरलं. क्लबच्या सेक्रेटरी बेरिलबाईंनी लॅमिंग्टन केकच्या तुकड्यांची बशी पुढे केली. "इंजिन बाकी अचूक निवडलंस हं, क्लेम."

डेसला टाळ्यांचं काही नव्हतं. तो थेट क्लेमकडे आला. "कसं आहे? खरं सांग."

"शेपूट अजून जरा जड लागतंय," क्लेम म्हणाला.

डेसनं मान डोलावली, कानावरची पेन्सिल काढली, आणि गुडघे टेकून त्या रंगवलेल्या शेपटावर कुठं कापायचं तिथं रेघ मारली.