पहिलं अंडं

चराच्या तळाशी लांब काठी रोवून गोस्सेने स्वतःला झोकून दिलं आणि पलीकडच्या काठावर तो गुडघ्यांवर आपटला. त्याने मागे पाहिलं. रस्त्याकडेच्या गाडीत येल्ले दुर्बीण लावून बसला होता. एरवी अशा उडीवर तो गावभर ऐकू जाईल असं हसला असता. आज त्याने नुसता हात वर केला.

येल्ले म्हणजे गोस्सेच्या बायकोचा थोरला भाऊ. गोस्सेने उभा जन्म दुधाचा टँकर चालवला, येल्लेने लोकांचे चर उपसले. मार्च लागला की दोघं टिटवीच्या हंगामातल्या पहिल्या अंड्यासाठी कुरणं तुडवायचे. नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या साऱ्या फ्रीसलँड प्रांताला तेव्हा हेच वेड लागतं. पूर्वी लोक अंडं उचलून आणायचे. आता हात लावायचा नाही, फोटो काढून पक्षी-संघटनेला कळवायचं. ज्याचा फोटो पहिला, त्याचं नाव पेपरात. या दोघांचं नाव कधीच आलं नव्हतं.

हिवाळ्याआधी येल्लेला अर्धांगाचा झटका आला. डावा पाय लुळा पडला. जीभ शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले, पण येल्ले बोलेना. बहिणीने ताट वाढलं तरी "हं", उचललं तरी "हं".

गवतातून एक टिटवी निघाली. उडाली नाही, मान खाली घालून पळाली. नर वर कोलांट्या घेत ओरडत होता. पावलं जपत गोस्से पुढे गेला. खळग्यात एकच अंडं होतं, शेवाळी, काळ्या ठिपक्यांचं.

पहिला फोटो हलला. दुसरा स्वच्छ आला. अजून कुणाला सापडलेलं नाही, असं सकाळीच रेडिओवर सांगत होते. त्याने नंबर काढला आणि थांबला. आता कळवलं की तपासणारे येतील, पेपरवाले येतील, कुरणाला जत्रेची कळा येईल. येल्ले मात्र गाडीतच राहील. फोन खिशात घालून तो कुरणाच्या मालकिणीकडे गेला.

"फ्राउक्ये, ट्रॅक्टर काढ. येल्लेला आत न्यायचंय."

"बसवू कुठे? डोक्यावर?"

"पुढच्या बकेटमध्ये."

"काका, शेण उचलते मी त्याच्यात!"

"मग धू. तो काही राजा नाही."

तिने बकेट धुतली, आत पोती अंथरली आणि वासरू ठेवावं तसं येल्लेला ठेवलं. फाटकातून बरंच आत गेल्यावर, पाखरू बिचकणार नाही अशा बेताने, तिने इंजिन बंद केलं.

टिटवी परतली. अंड्याशी उभी राहिली. तिथल्या टिटव्यांना असतो तसा तिचा बारीक तुरा वाऱ्याने हलत होता. येल्लेने दुर्बीण डोळ्यांना लावली ती काढलीच नाही. फ्राउक्येने साखरपावाचा तुकडा पुढे केला, तोही त्याला दिसला नाही.

गाडीत बसल्यावर गोस्सेने फोटो पाठवला आणि फोन लावला. पलीकडची बाई हळहळली. फोटो झकास होता, पण नुकताच दक्षिणेकडच्या एका मास्तरीणबाईंचा येऊन गेला होता. गोस्सेने आभार मानले.

"काय म्हणाली?" येल्लेने विचारलं.

"आपल्याआधी कुणीतरी कळवलं."

"आधी? तू अंडं पाहिलंस तेव्हाच फोन नाही केलास?"

"म्हटलं, आधी तुला दाखवावं."

येल्लेचा चेहरा लालबुंद झाला.

"अरे गाढवा! जन्म गेला आपला त्या अंड्यापायी! मला काय दाखवायचंय? मी काय टिटवी बघितली नाही कधी? म्हणे दाखवावं! माझ्या बहिणीने तुझ्यात काय पाहिलं, देव जाणे! टँकरसुद्धा तसाच चालवायचास, दूध नासेपर्यंत!"

"एकदाच नासलं होतं."

"दोनदा! आणि त्या बकेटमध्ये कसलं बसवलंस मला? मागून पार भिजलोय मी!"

गोस्सेने गाडी सुरू केली. नाक्यावरून उजवीकडे वळलं की घर हाकेच्या अंतरावर होतं. त्याने ती डावीकडे, बांधावरच्या लांबच्या रस्त्याला घातली आणि वेग कमी केला.

"हा कुठला रस्ता?" येल्ले कडाडला. "आता घरही विसरलास?"