शून्यसरांची थांबलेली नाडी

कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवली होती. एरवी जेवणाच्या सुट्टीत जिथे कान किटतील असा कल्ला चालतो, तिथे बाटल्यांच्या कारखान्यातली सगळी माणसं श्वास रोखून उभी होती. मधोमध खुर्चीवर, या आठवड्यात रोज ध्यान शिकवायला येणारे शून्यसर डोळे मिटून बसले होते. भट्टीवरच्या एका दांडग्या कामगाराने त्यांचं डावं मनगट धरलं होतं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"थांबली!" तो ओरडला. "सरांची नाडी थांबली हो!"

"विचार थांबला की काळीजही थांबतं," शून्यसर डोळे न उघडता म्हणाले. "मी या क्षणी देहात नाही."

देहात नसलेला माणूस कॉलरचा माइक सावरून बोलतो कसा, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅनेजरसाहेबांनी तर रुमाल काढून डोळे टिपले.

प्रश्न पडला तो दाराशी उभ्या असलेल्या ताईला. ती शाळेत खेळ शिकवायची आणि धाकट्या बहिणीला घरी न्यायला आली होती. एवढा मोकळा झालेला माणूस कोपर बरगड्यांशी इतकं आवळून का बसलाय, ते तिला कळेना.

"मला बाबा-बुवा समजू नका," नाडी परत आल्यावर शून्यसर म्हणाले. "हे माइंडफुलनेस आहे, शुद्ध विज्ञान! विचार म्हणजे सदोष बाटली. एक जरी आली तरी ध्यान फुकट. तुमच्या कारखान्याचं ब्रीद काय? शून्य दोष! माझं ब्रीद, शून्य विचार! चला, डोळे मिटा. विचार आला की प्रामाणिकपणे हात वर करा."

दुसरीकडे कुठे हे कदाचित खपलं नसतं. पण इथली माणसं वर्षानुवर्षं त्याच ब्रीदाखाली राबलेली. धाकटी तर तपासणीवर होती. उजेडाच्या पडद्यासमोर बसून, पुढून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडकलेली बाटली उचलून बाजूला काढायची. दोष लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. त्यामुळे सगळे हात खाली असताना तिचा एकटीचा हात पुन्हा पुन्हा वर जात होता, आणि दर वेळी शून्यसर कीव आल्यासारखी मान हलवत होते.

घरी आल्यावर ताईने चहा टाकला. धाकटी ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, ओरडू नकोस. मी गोळ्या बंद केल्यात. परवापासून."

ताईने गॅस बंद केला. धाकटीला लहानपणापासून फिट यायच्या. एकदा ती शाळेच्या जिन्यावरून कोसळली होती, तेव्हाचा आवाज ताई अजून विसरली नव्हती. गोळ्या लागू पडल्या आणि तेव्हापासून सगळं सुरळीत होतं.

"कोणाला विचारून?"

"सर म्हणाले, गोळ्यांनी मेंदूत गोंगाट होतो, म्हणून तुमचे विचार थांबत नाहीत. विचारच थांबले तर फिट कुठून येईल?"

"ते डॉक्टर आहेत?"

"ज्याला स्वतःचं काळीज थांबवता येतं, त्याला डॉक्टर व्हायची काय गरज?"

ताईने डॉक्टरांना फोन लावला. अशी गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं, लगेच सुरू करा, असं त्यांनी निक्षून सांगितलं. धाकटीने ते ऐकलं आणि गोळ्यांचं पाकीट बाजूला सारलं. तिचे डोळे भरून आले होते.

"सगळ्यांचं मन रिकामं होतं गं. माझंच होत नाही. मीच खराब निघाले."

गोळ्या बंद करण्यापेक्षाही हे वाक्य ताईला जास्त लागलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली. "उद्या त्यांची नाडी मी बघते," ती म्हणाली. "खरंच थांबली तर मी तोंड उघडणार नाही. नाही थांबली, तर तिथल्या तिथे गोळी घ्यायचीस. कबूल?"

"कबूल."

ती रात्र ताईने बहिणीच्या उशाशी बसून काढली.

दुसऱ्या दिवशी शून्यसर देह सोडायच्या तयारीत असतानाच ती तरातरा पुढे गेली.

"बाई, नातेवाइकांनी मागे बसायचं," मॅनेजर म्हणाले.

"बसेन की. आधी सरांची नाडी बघते."

नाही म्हणायची सोय नव्हती. शून्यसरांनी मोठ्या मनाने मनगट पुढे केलं. जरा वेळाने मनगटावर खरंच काही लागेना. मग ताईने दुसऱ्या हाताची दोन बोटं अलगद त्यांच्या मानेवर ठेवली. धावून आलेल्या पोरांची नाडी ती रोज तिथेच बघायची.

"सर, मनगटात नाही, पण इथे तर तुमचं काळीज घोड्यासारखं धावतंय!" तिने भट्टीवाल्याला खुणावलं. "दादा, तुम्ही बघा."

त्याने बोटं टेकवली. "आयला, आहे की!"

"नकारात्मक लहरी!" शून्यसर गरजले. "तुमच्या शंकेने माझी साधना मोडली!"

"मोडली तर मनगटात नाडी का नाही अजून? जरा हात वर करा."

"साधकाला हात वर करणं निषिद्ध आहे."

"माझ्या बहिणीला काल सगळ्यांसमोर हात वर करायला लावलात. आज तुमची पाळी!"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग तपासणीवरच्या बायकांनी सुरू केलं, "हात वर! हात वर!" शून्यसर तणतणत उठले, माइकची वायर खुर्चीत अडकली, ती सोडवायला त्यांनी हात उचलला आणि सैल बाहीतून एक रबरी चेंडू टणाटण उड्या मारत मॅनेजरसाहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

ताईने तो उचलला, पुसला आणि स्वतःच्या काखेत धरला. "वर्गात चेंडू चोरून नेणारी माझी पोरं अशीच कोपर आवळून चालतात. ये गं, माझी नाडी बघ."

धाकटीने मनगट धरलं. ताईने कोपर आवळलं.

"थांबली," धाकटी पुटपुटली.

"आणि माझ्या डोक्यात आत्ता उद्याच्या डब्याला काय करायचं ते चाललंय. काखेतली रक्तवाहिनी दाबली की हातात रक्त कमी जातं, म्हणून मनगटात ठोका लागत नाही. काळजाचं काम चालूच असतं. तुम्ही हे घरी करत बसू नका."

धाकटीने पर्समधून पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर गोळी पाण्याबरोबर गिळली. ताईला रडू फुटलं. ते तिने लपवलं नाही.

"माझंही मन रिकामं होत नव्हतं," भट्टीवाला खाली बघत म्हणाला. "हात वर करायची लाज वाटायची." मग दुसरा बोलला, तिसरी बोलली. रिकामा असा एकही जण निघाला नाही.

"होणारच नाही," ताई म्हणाली. "मी सामन्याआधी पोरांना श्वासाकडे लक्ष द्यायला लावते. मन भटकतं. भटकलं हे लक्षात आलं की परत आणायचं. एवढंच ध्यान. कधी शांत वाटतं, कधी नाही वाटत. आणि ते गोळीच्या जागी घ्यायचं नसतं."

धाकटी एकदम म्हणाली, "अगं, म्हणजे माझं कामच की! तडकलेली बाटली येणारच. ती दिसली, बाजूला काढली, की पुन्हा नजर पडद्यावर. मी हात वर करत होते म्हणजे मला दिसत होतं!"

"साहेब, हे आता आवरतं घ्यायला हवं," शून्यसर दाराकडे सरकत मॅनेजरांच्या कानाशी लागले. पण कॉलरचा माइक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"आवरते," ताई म्हणाली आणि लोकांकडे वळली. "एकच सांगते. तुमचे विचार थांबावेत असं या माणसाला एवढं का वाटत होतं? कारण विचार करणारा माणूस शेवटी म्हणतोच, हात वर करून दाखवा. जो कोणी तुम्हाला विचार करू नका म्हणेल, औषध सोडा म्हणेल, त्याला हेच म्हणा. आणि तो हात वर करेपर्यंत जागचे हलू नका."

दाराची वाट भट्टीवाल्याने अडवली होती.

"सर," तो म्हणाला, "दुसरा हात राहिला."