उड्यांसाठी ओवी

“पोरी, घाई कशाची? साडेतीन चरण आपण म्हणावे, उरलेला अर्धा जात्याला सोडावा.”

धारच्या आळीत भिंतीपलीकडून यायचा तो जानकीबाईंचा आवाज. जानकीबाई गेल्या, जातं गेलं, भिंतही नवी झाली. पण विनोदिनीबाईंनी पेटीच्या भात्यावर हात ठेवला की तो आवाज अजून यायचा. आणि आता पासष्टी उलटल्यावर, देवासच्या एका मंगल कार्यालयात, बॅले शिकणाऱ्या पोरींपुढे त्या जात्यावरची चाल वाजवत बसल्या होत्या. जानकीबाई असत्या तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या.

हे सगळं घडलं ते वीज गेली म्हणून. शेजारच्या खोलीत भजनी मंडळ जमायचं आणि मोठ्या हॉलमध्ये नेहाचा क्लास. नेहाही धारचीच लेक, जुन्या दरबारी मराठा घरातली. मुंबईत शिकली, लग्न होऊन देवासला आली, आणि देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी बॅले शिकवायला लागली. भिंतीला धरायला दांडा नव्हता, म्हणून लग्नातल्या लाल मखमली खुर्च्यांच्या पाठी धरून पोरी गुडघे वाकवायच्या. एका संध्याकाळी लाइट गेली, स्पीकर मुका झाला, आणि पोरी एक पाय उचललेल्या बगळ्यांसारख्या उभ्या राहिल्या. विनोदिनीबाई भजनाच्या बायकांची वाट बघत एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी दारातच पेटी उघडून जात्यावरची चाल धरली.

लाइट आली तरी नेहाने स्पीकर लावला नाही. “मावशी, मशीन कुणासाठी थांबत नाही. तुम्ही थांबता. येत जा ना.”

नवरा गेल्यापासून ‘येत जा’ असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

पहिले काही दिवस मात्र भांडणातच गेले. नेहाला सगळं आठाच्या मोजणीत हवं. विनोदिनीबाईंची ओवी साडेतीन चरणांची.

“मावशी, अर्धा चरण कुठे गेला?”

“तिथे श्वास घ्यायचा असतो, बाई.”

“पोरी हवेत असतील तर?”

“मग त्यांना खाली येऊ दे आणि घेऊ दे! हवेत कोण श्वास घेतं?”

पोरी खिदळल्या. शेवटी तोड निघाली. उरलेल्या अर्ध्या चरणात पोरींनी पाय जुळवून पुढच्या उडीसाठी उभं राहायचं.

मधल्या विश्रांतीत नेहा गोष्टी सांगायची. हा नाच दूरदेशीच्या राजदरबारात वाढला. खुद्द राजा नाचायचा. पाय खुब्यातून बाहेर वळवायचे, म्हणजे पोटरी आणि बुटाचा डौल दरबाराला दिसावा. पुढे कधीतरी बायका नुसत्या बोटांच्या टोकावर उभ्या राहिल्या. बुटांची टोकं दोऱ्यांनी शिवून घट्ट करायच्या, आत कापूस कोंबायच्या, रक्त आलं तरी वर हसू. “आमचे काकासाहेब म्हणाले, ‘आपल्या घरात नाच बघायची रीत आहे, नाचायची नाही.’ मी म्हटलं, काकासाहेब, तिकडे तर महाराजच नाचायचे. तेव्हापासून गप्प आहेत बिचारे!” मग आवाज बदलून म्हणायची, “पण एक ध्यानात ठेवा. कष्ट दिसता कामा नयेत. चेहऱ्यावर काहीच नाही. समजलं?”

सगळ्यांत नीट समजलं होतं ते आरोहीला. तेरा वर्षांची, सडसडीत, काळ्याभोर डोळ्यांची. तिची उडी बघताना विनोदिनीबाईंची बोटं आपोआप हलकी व्हायची. पौषातल्या एका रविवारी इंदूरला बाहेरगावचे परीक्षक येणार होते. आरोही त्यांच्या पसंतीस उतरली तर मोठ्या शिबिरात जागा मिळणार होती, आणि बोटांवर उभं राहायचे ते गुलाबी बूट. दोन वर्षं पोरीने दुसरं काही मागितलं नव्हतं.

दिवाळीनंतर विनोदिनीबाईंच्या कानाला काहीतरी खुपायला लागलं. उडीनंतर दोन्ही पाय एकदम टेकले की ‘ठप’ असा एकच आवाज यायचा. आता आरोहीचा तो ‘ठप’ दुभंगला होता. उजवा आधी, डावा मागून, चोरट्यासारखा. नेहा डोळ्यांनी बघायची, आणि डोळ्यांना फसवायला तिनेच तर शिकवलं होतं. म्हातारीकडे मात्र पोरींची पाठ असायची आणि तिचे कान मोकळे.

एकदा त्या हात धुवायला गेल्या, तर पोर नळाखाली डावी नडगी धरून बसलेली. पाणी बर्फासारखं. ओठ दातांत.

“अगं बाई! काय झालं?”

“कुछ नहीं, आजी.” मग विनोदिनीबाईंचा चेहरा बघून तिचा बांध फुटला. “ताईला नको सांगू. ती मला बंद करेल. महिनोन्महिने बसवेल. फिर एग्जाम गई, शूज गेले, सगळं गेलं!”

“पण हाड आहे बाळा ते.”

तेव्हा पोरीने त्यांचा ओला हात ओढला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. “माझी गळ्याशपथ, आजी. सांगितलंस तर मी मरेन.”

आजच्या पोरी अशा शपथा चॉकलेटासारख्या वाटतात. पण विनोदिनीबाई ज्या घरात वाढल्या तिथे गळ्याशपथ मोडणं म्हणजे त्या गळ्यावर आपणच नख लावणं. बोटांखाली पोरीची नाडी पाखरासारखी फडफडत होती. त्या ‘बरं’ म्हणाल्या. आणि मनाच्या तळाशी, जिथे माणूस दिवा नेत नाही, तिथे त्यांना हेही ठाऊक होतं, की आरोही बसली तर उड्यांना पेटी लागणार नाही. बाकीच्या लहानग्यांना स्पीकर पुरेल.

तेव्हापासून त्या ओवीचा अर्धा चरण लांबवायला लागल्या. तेवढ्यात आरोही सगळं अंग उजव्या पायावर तोलून डाव्याला विसावा द्यायची. दोघींचं हे गुपित सुरांत लपून गेलं. नेहा म्हणालीसुद्धा, “मावशी, आजकाल फार छान लांबवता हं!”

एका संध्याकाळी त्यांनी वेगळी युक्ती केली. शपथ सांगण्याची होती, गाण्याची थोडीच? पेटीवर त्या गळा मोकळा करून गायल्या:

उंच उडे चिमणी,
साऱ्या झाडांची राणी,
उतरता डोळां पाणी
कुणा सांगे?

आरोहीने वळून असं बघितलं की पेटी थिजावी. नेहा मात्र टाळ्यांवर आठ मोजत होती. “वा! किती गोड. अजून एकदा, और तेज!”

गाण्यातलं कोण ऐकतं?

पौषातला शुक्रवार आला. लग्नं नव्हती, हॉल रिकामा, लाद्या गारठलेल्या. परीक्षेआधीचा शेवटचा सराव. गुडघ्यांचं झालं, पाय घासण्याचं झालं, तोलाचं झालं. नेहाने हात वर केले. “चला, मोठ्या उड्या. आज लांबवायचं नाही हं, मावशी. परीक्षेत कुणी थांबणार नाही.”

विनोदिनीबाईंनी भाता मिटला. “उड्यांना मी वाजवणार नाही.”

“का? पेटी बिघडली?”

“पेटीला काय धाड भरलीये?”

“मग?”

“कारण विचारू नकोस. मला सांगता येत नाही.”

नेहाच्या कपाळाला आठी पडली. “मावशी, परवा परीक्षा आहे. आज कसले रुसवे काढता?”

“ताई, फोनवर लावा ना,” आरोही घाईने म्हणाली. “चलेगा. आजी थकली असेल.” तिने म्हातारीकडे बघायचं टाळलं.

नेहाने गाणं लावलं. पियानोचे सूर कोरडे, टापटीप, एकामागून एक चालत आले. आरोही कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. हनुवटी वर, चेहऱ्यावर काहीच नाही. सुरुवातीचे सूर आले आणि गेले. ती हलली नाही.

“आरोही? सुटलं की! परत.”

गाणं पुन्हा पहिल्यापासून. विनोदिनीबाईंना पोरीचा फक्त डावा पाय दिसत होता. टाच लादीवरून जेमतेम उचललेली, आणि पोटरी थरथरतेय. शपथ मोडली तर काय होईल ते त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पाळली तर काय होईल ते समोर उभं होतं. त्या लादीवर हात टेकून उठल्या. आपली पेटी, आपल्या संध्याकाळी, आपलं ‘येत जा’, सगळं मागे टाकून दोन पावलं पुढे आल्या.

“नेहा,” त्या म्हणाल्या, “हिचं मी तुला...”

“आजी, थांब!”

पियानो वाजतच होता. आरोहीने खुर्चीची पाठ धरली. मग अख्ख्या क्लाससमोर पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला, लहान झाला.

“मी सांगते. तू नको मोडू.” ती नेहाकडे वळली. “ताई, माझी डावी नडगी दुखते. दिवाळीपासून. सकाळी उठल्यावर पाय टेकवत नाही. आजीला माहीत होतं, मीच तिला बांधून ठेवलं होतं. ताई, मुझे डर लग रहा है. मला उडी नाही मारायची.”