जयवंताचा वाल

दिवाळी आटोपली की आमच्या अमरावतीच्या घरचं अंगण हिवाळ्यासाठी तयार करावं लागतं. पावसाळ्यात माजलेलं गवत उपटायचं, गुलाब छाटायचे, माती भुसभुशीत करून मेथीचे आणि सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, वाफे पाडायचे. अंगण पाहावं तर मनकर्णाबाईंचं, म्हणजे माझं, असं कॉलनीत सगळे म्हणतात. कंबर मोडते ती मात्र जयवंताची. जयवंता माझी नणंद. नवरा गेल्यापासून आठ वर्षं मागच्या खोलीत राहते आणि सांगितलं ते करते.

यंदा तिच्या आकांक्षाला सातवा महिना लागला. पोरगी बार्शीटाकळीला दिली आहे. तिनं फोनवर सांगितलं, "आई, बाळंतपणाले ये, अन् मंग इथंच राह्य."

जयवंता हरखली. मागच्या भिंतीवरचा तिचा वाल तेव्हा फुलांनी लदबदला होता. "शेंगा धरल्या का निंगीन, वयनी. पोरीले वालाचेच डोहाये लागले. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

ती गेली तर सगळं माझ्यावर येणार होतं. धुणी, भांडी, हे एवढं अंगण आणि माझे दुखरे गुडघे. जाऊ नको म्हणायची सोय नव्हती, नातेवाइकांनी मलाच नावं ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी ती दळण आणायला गेली. मी खुरपं घेतलं, वालाच्या बुडाची माती बाजूला केली आणि वेल मातीखालीच कापला. वरून माती सारखी करून हात धुतले.

तिसऱ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. जयवंतानं पाणी घातलं, राख टाकली, कडुनिंबाचा पाला उकळून शिंपडला. मी गुलाब छाटता छाटता पाहत होते. फुलं गळून पडली तेव्हा ती भिंतीशी बसून रडायला लागली.

"काऊन असं झालं, वयनी?"

गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलं, "तुया हाताले गुणच नाई, जयवंता. भर फुलातला वेल गेला. नवराबी भर उमरीत गेला. आता दोन जिवाच्या पोरीजवळ जाऊन राह्यचं का, तूच पाह्य."

संध्याकाळी तिनं फोन लावला. "मी नाई येत, आकांक्षा." पोरीचं रडणं मला ओट्यापर्यंत ऐकू आलं. "मंग माह्याजवळ कोन राहीन, आई?" माझ्या एका वाक्यानं सगळं मिटलं असतं. मी ते बोलले नाही. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं.

सकाळी तिनं वाफे पाडले, पण मेथीचं बियाणं माझ्यापुढे धरलं. "पेरनी तुमीच करा." मी खुर्चीत बसल्या बसल्या दाणे फेकले. आठ दिवसांत मेथी अशी दाट उगवली, की शेजारची संध्या येऊन फोटो काढून गेली.

जयवंता बराच वेळ वाफ्याशी उभी होती. मग जवळ आली, माझा उजवा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला.

"वयनी, बाळ झालं का बार्शीटाकळीले तुमी जाजा. त्याले पयले तुमच्याच हातात घेजा. मी नाई लावत हात."

"जाईन," मी म्हटलं आणि तिला पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवायला सांगितला.