उलटं बसलेलं सील

मामाचा पाय मोडला त्याला आठ दिवस झाले, तेव्हा कुठे भाचीनं त्याच्या बोटीचं ड्राइव्ह उतरवून अप्पांच्या वर्कशॉपमधल्या बाकावर घेतलं. ड्राइव्ह म्हणजे बोटीच्या पाठीमागचा गिअर-पंख्याचा भाग. धक्क्याला लागताना गिअर सुटलाच नाही, बोट भिंतीवर आदळली आणि मामाचा पाय मधे सापडला. जो तो म्हणे, मामाचं लक्ष नव्हतं. "अरे, दांडा ओढत होतो मी!" असं सांगून सांगून मामाचा घसा कोरडा पडला. त्या ड्राइव्हचं काम वर्षापूर्वी तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनीच केलं होतं. तेही गप्पच राहिले.

तळाचा बोल्ट सोडला तर आतून तेलाऐवजी दुधासारखं पांढरट काहीतरी गळायला लागलं. पाणी शिरलं होतं. गिअर बदलणारा आतला दांडा त्याच्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या कड्यात, गंजून असा जाम झाला होता की काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं; मामानं वरून कितीही ओढलं तरी तो हलला नसता. बुशखालचं, पाणी अडवणारं रबरी सील तिनं उचकटलं आणि तिचा हात थांबला. सीलची पातळ कड पाण्याकडे हवी. अप्पांनी हे तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. इथे ती तेलाकडे होती.

"अप्पा, हे कसं बसलंय बघा."

अप्पांनी सील डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग अंगठा फिरवला. ते बघत नव्हते, चाचपत होते.

"कधीपासून दिसत नाही?"

"दीड वर्ष. धुरकट दिसतं सगळं."

"आणि मामाला लोक नावं ठेवत होते तेव्हा?"

"शंका आली होती गं. बोललो असतो तर हातातलं काम गेलं असतं. काम गेल्यावर मी काय करू, भिंतीकडे बघत बसू?"

तिला ओरडायचं होतं. पण समोर चेहरा पडलेला बाप होता. ती कामाला लागली. खाच घासून स्वच्छ केली, नवं सील कड पाण्याकडे ठेवून नळीच्या तुकड्यानं हलके ठोकत सरळ बसवलं, कडेला ग्रीस भरलं. दांड्याच्या दातांनी कड फाटू नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळून दांडा सरकवला आणि नवा बुश आवळला. हवा भरून पाहिली. दाबाच्या मापकाचा काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती.

"चला," ती म्हणाली. कुठे, ते अप्पांनी विचारलं नाही.

मामा खाटेवर पाय उंच करून पडला होता. अप्पांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मामी चहा ठेवायला निघाली होती, ती दारातच थबकली.

"दाजी," मामा म्हणाला, "आठ दिवस मला झोप नाही. म्हटलं, खरंच माझंच चुकलं की काय."

"माझं चुकलं."

"हे मला नका सांगू. धक्क्यावर जाऊन सांगा."

अप्पा गेले. चारचौघांत बोलताना त्यांनी काही गाळलं नाही. दुसऱ्याच दिवशी दोन नावाड्यांनी आपली इंजिनं त्यांच्या वर्कशॉपमधून उचलून नेली. मामाची बोट परत पाण्यात उतरली, मामा मात्र जरा लंगडतो. ड्राइव्हचं काम तो भाचीकडेच देतो. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा मामी येऊन भेटून गेली. मामा आला नाही.