कप्तानाचं पुढे काय झालं

भोंग्याच्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं. आणि आता देत होतो, तर दुलईच्या आत माझ्या हातातला फोन इस्त्रीसारखा तापला होता.

पत्र चारच ओळींचं होतं. अक्षर त्याच्या बायकोचं. ‘डोळे गेले. मी सांगतोय, ही लिहितेय. त्या गलबताच्या कादंबरीची शेवटची प्रुफं तुझ्याकडेच आहेत ना? कप्तान किनाऱ्याला लागला का रे? बावीस वर्षं मी तुला वाचून दाखवलं, आता एकदा तू वाच.’

छापखान्यात आमची जोडी होती. तो हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा आणि मी प्रुफावर नजर ठेवून चुका टिपायचो. यंत्रांच्या खडखडाटावरही त्याचा आवाज चढायचा म्हणून तो भोंगा. मी दिवसाकाठी दहा शब्द बोलायचो म्हणून मौनीबाबा. ती कादंबरी बरीच पुढे गेली होती, आणि एका सकाळी छापखान्याला टाळं लागलं. पुस्तक कधी निघालंच नाही. वाचायच्या राहिलेल्या शेवटच्या चाळीस पानांची प्रुफं तेवढी मी पिशवीत घालून घरी आणली होती.

दोन ओळींत कळवता आलं असतं. पण त्यानं ‘कळव’ म्हटलं नव्हतं, ‘वाच’ म्हटलं होतं. ‘नाही’ लिहायला हात होईना आणि ‘हो’ म्हणायला घसा.

मग मंगळवारी वहिनींचा फोन आला. “भावजी, सोमवारी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. भीती वाटत नाही म्हणतात. फक्त रोज विचारतात, मौनीचं टपाल आलं का?”

त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आणि एक रेडिओ. रेडिओत छोटं मेमरी कार्ड घातलं की वाजतं, हे वहिनींनीच सांगितलं. थेट फोनवर वाचायचं म्हटलं तर पलीकडून त्याचं नुसतं ‘हं’ ऐकून माझी बोबडी वळली असती. आज गुरुवार होता. चारच्या टपालात पाकीट पडलं तर शनिवारी पोचणार होतं.

शेजारच्या खोलीत सूनबाई तिचं ऑफिसचं काम करत बसते. तिला ऐकू जाऊ नये म्हणून दोन दिवस मी डोक्यावरून दुलई घेऊन, टॉर्चच्या उजेडात वाचून फोनमध्ये रेकॉर्ड करत होतो. फोनची बॅटरी पाच-सहा पानांत मान टाकायची, म्हणून चार्जरची वायरही आत ओढून घेतली होती. पाच भाग झाले होते. सहावा शेवटचा. कप्तान खडकांमधून होडी काढतोय, मी घामानं निथळतोय, आणि मला वाटतंय की हा सगळा वाचनाचा रंग! एवढ्यात पडद्यावर तापमापकाचं चित्र आलं आणि फोन बंद पडला.

मी दुलई भिरकावून ओरडलो. माझ्याच घरात मी पहिल्यांदा ओरडलो असेन.

सूनबाई धावत आली. “बाबा! काय झालं? आणि भर दुपारी दुलई?”

“तापलाय.”

“कोण, तुम्ही?”

“फोन.”

तिनं आधी वायर उपटली, मग फडक्यात धरून फोन उचलला. “बाप रे! फ्रीजमध्ये ठेवू का दोन मिनिटं?”

“नको, नको! त्यात भोंगा आहे.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. समजावून सांगायला वेळ नव्हता. पावणेदोन झाले होते. मी पायात मिळाल्या त्या चपला घातल्या आणि निघालो. त्या तिच्या होत्या, हे रस्त्यात कळलं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात एक बाई बसते, चष्मा कायम कपाळावर. तिनं फोन टेबलफॅनसमोर उभा केला.

“फ्रीजमध्ये नाही ना ठेवला?”

“नाही.”

“शहाणे आहात. आत पाणी धरतं. चार्जिंगला लावून काय चाललं होतं, गेम?”

“बोलत होतो.”

“कुठे ठेवून?”

“...दुलईत.”

मागच्या बाकावर फुटलेली काच घेऊन एक बसड्रायव्हर बसला होता. तो खो खो हसला. “फोनला थंडी वाजत होती का, काका?”

“चार्ज होताना फोन मुळातच कोमट असतो,” बाई म्हणाली. “त्यात तुम्ही त्याच्याकडून काम करून घेतलं, वर पांघरूण घातलं. गरमी जाणार कुठे? माणूस असता तर तोही आडवा झाला असता.”

तिनं पाठ उघडली. बॅटरी उशीसारखी फुगली होती. “ही बघा. आणखी दोन दिवस चालवली असतीत तर दुलई पेटली असती.”

ती नवी बॅटरी घालत होती, आणि मी बोलत होतो. भोंगा, छापखाना, सोमवारचं ऑपरेशन, सगळं. परक्या माणसांसमोर एवढं मी कधी बोललो नव्हतो. शेवटी फोन उजळला.

“पाच आहेत,” ती म्हणाली. “सहावं नाही. बंद पडताना ते साठवलंच गेलं नाही. हे पाच तरी नीट आहेत का, ऐकू.”

मी ‘हळू’ म्हणायच्या आत तिनं पाचवं लावलंसुद्धा, तेही पूर्ण आवाजात. ‘कप्तानानं सुकाणू घट्ट धरलं पूर्णविराम नवा परिच्छेद लाट आली स्वल्पविराम पाठोपाठ दुसरी...’

काउंटरखाली शिरावंसं वाटलं.

“हे मध्ये मध्ये काय म्हणताय?”

“विरामचिन्हं. प्रुफं वाचताना आमच्याकडे असंच वाचायचे. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला वाचताच येत नाही.”

ड्रायव्हर पुन्हा हसला. मग हसायचा थांबला. शीड फाटलं, डोलकाठी मोडली, माणसं होडीत उतरली. बाईनं बंद करायला बोट पुढे केलं तसा तो उठून उभाच राहिला. “अहो, थांबवू नका! खडक आलेत ना पुढे?”

पण भाग तिथंच संपत होता.

“मग? लागला का किनाऱ्याला?”

“ते नाही सांगणार,” मी म्हणालो, आणि माझ्या धिटाईचं मलाच नवल वाटलं. “आधी भोंग्याला कळलं पाहिजे.”

“हे बरंय राव!”

“कागद घरी आहेत ना?” बाईनं फोन माझ्या हातावर ठेवला. “मग पळा. वायर काढून वाचायचं, पंख्याखाली. आणि काका, दुलईच्या बाहेर!”

तीनला दहा कमी होती. बाहेरच्या खोलीत टेबलावर मी फोन उघडा ठेवला, पंखा लावला, प्रुफं काढली. सुरुवातीला आवाज कापत होता. पण होडी खडकांत शिरली आणि मी थेट भोंग्याच्या पट्टीत गेलो! बावीस वर्षं कानावर पडलेला तो चढ, ती फेक, माझ्या घशातून निघत होती. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. “सॉरी, मी पाच मिनिटांत परत येते,” असं कानातल्या यंत्रात कुणाला तरी म्हणाली, आणि खाली जमिनीवरच बसली. मी थांबलो नाही.

कप्तान वाळूवर आला. त्यानं बूट काढले, त्यांतलं पाणी ओतलं, मागे एकदाही न बघता दिसेल त्या पहिल्या दिव्याकडे चालू लागला.

मी शेवटचं पान खाली ठेवलं आणि रेकॉर्डिंग थांबवलं.

“बाबा,” सूनबाई हलकेच म्हणाली, “शेवटचा पूर्णविराम म्हणायचा राहिला. परत घ्यायचं?”

मी फोनच्या पाठीला हात लावून बघितला. तळहाताइतकाच कोमट.

“नको. असू दे.”

तिनं सहाही भाग कार्डात भरले, कार्ड कागदाच्या घडीत ठेवलं. पत्ता मी लिहिला. तीन चाळीसला आम्ही दोघं पोस्टात होतो, तिनं माझा दंड धरलेला.

“आत काय आहे?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“चाळीस पानं.”

त्यांनी पाकीट काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, चष्म्यावरून मला बघितलं. “सात ग्रॅम?”

“हो.”

शिक्का बसला. पाकीट मागच्या पोत्यात पडलं. एका माणसानं येऊन पोत्याचं तोंड आवळलं, गाठ मारली आणि ते खांद्यावर घेऊन मागच्या दारानं निघून गेला. मी अजून तिथंच उभा होतो.

“आणखी काही, आजोबा?”

“नाही,” मी म्हणालो, आणि मागच्या माणसाला जागा करून दिली.